अंथरूण पाहून पाय, कोलेट पाहून बिट

दारा-खिडक्यांच्या लाकडावर नक्षी उठवणारे राउटर मशीन आता खेड्यातल्या सुताराच्या हातीही दिसू लागले आहे. मशीन एकदाच घ्यायचे असते, पण त्याची बिटे पुन:पुन्हा घ्यावी लागतात. पैसा वाया जातो तो तिथेच, आणि बोटांना धोका होतो तोही तिथेच. म्हणून बिट कसे निवडावे, ते आपल्या मशीनला बसते की नाही हे कसे ओळखावे, याची ही माहिती.

वाचकहो, आपल्या जिल्ह्यात, अकोल्याच्या डांगाणापासून जामखेडच्या बालाघाटापर्यंत, एखाद्या जुन्या घराच्या दारापुढे क्षणभर उभे राहा आणि चौकटीच्या कडेवरून बोट फिरवा. कुठे कड गोल केलेली असते, कुठे आतल्या बाजूने पन्हळीसारखी खोलगट कोरलेली असते, तर कुठे दोन्ही मिळून नागमोडी वळण घेतलेले असते. या आकारांना आपले सुतार गोला आणि गलता म्हणतात. बाहेर फुगलेला तो गोला, आत गेलेला तो गलता. जगात लाकडाची नक्षीची पट्टी कितीही प्रकारांनी करोत, बहुतेकीच्या मुळाशी हीच दोन वळणे असतात.

ही वळणे पूर्वी रंध्याने काढीत. त्यासाठी प्रत्येक आकाराचा रंधा वेगळा असे. गोल्याचा निराळा, गलत्याचा निराळा, खाचेचा निराळा. रंध्याचे लाकूडही त्याच आकारात तासलेले आणि पातेही त्याच आकारात घासलेले. एका चौकटीची कड काढायची तर दहा-दहा, वीस-वीस वेळा रंधा ओढावा लागे. बाभळीचे लाकूड असले तर खांदे भरून येत.

पुढे काळ बदलला. लोखंडी नांगर आले, ट्रॅक्टर आले, गाडीला टायर लागले. नांगर, पाभर, कुळव, गाडीचे चाक या सुताराच्या हक्काच्या कामांतले पुष्कळसे काम गेले. उरले ते घराचे काम: चौकटी, दारे, खिडक्या, देव्हारा, कपाट, पलंग. पण त्यातही शहरातली तयार दारे आणि तयार पट्ट्या गावात येऊन पोहोचल्या. अशा वेळी गावच्या सुताराला टिकायचे असेल, किंवा आयटीआयमध्ये सुतारकाम शिकून आलेल्या तुमच्या मुलाला गावातच धंदा मांडायचा असेल, तर राउटर हे त्याच्या उपयोगाचे मशीन आहे. मात्र ते नीट समजून घेतले पाहिजे.

मशीन म्हणजे काय, बिट म्हणजे काय

राउटर म्हणजे उभी धरलेली एक वेगवान मोटर. मोटरीच्या दांड्याच्या टोकाला एक चिरा पाडलेली नळी असते. तिला कोलेट म्हणतात. कोलेटवरचा नट आवळला की नळी आक्रसते आणि बिटाचा दांडा घट्ट धरते. साखळदंडाने बांधावे तसे ते धरणे नाही. चिमटीत धरावे तसे आहे, आणि दांड्याला सगळ्या बाजूंनी सारखे टेकलेले आहे. हे सारखे टेकणे फार महत्त्वाचे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर अवलंबून आहे.

बिटाचे दोन भाग. खालचा कापणारा भाग, म्हणजे पाती. वरचा गुळगुळीत दांडा, त्याला दुकानदार शँक म्हणतात. पात्यांचा आकार जसा, तशी पट्टी उमटते. कडेची नक्षी काढणाऱ्या बिटाच्या टोकाला बहुधा छोटे बेअरिंग असते. ते लाकडाच्या कडेवर टेकून फिरते, म्हणून पाते ठरल्यापेक्षा आत घुसत नाही आणि नक्षी सर्वत्र सारखी येते.

बाजारात दोन जातीची मशीन मिळतात. एक लहान, एका हातात मावणारे. त्याला ट्रिमर म्हणतात. ते साधारण पाचशे ते सातशे वॉटचे असते आणि मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे घेते. पुष्कळशा ट्रिमरना वेग कमी-जास्त करण्याची सोय नसते. दुसरे मोठे, दोन मुठींचे. ते सोळाशे ते बावीसशे वॉटपर्यंत असते आणि त्याचा वेग बहुधा कमी-जास्त करता येतो. कोणते वाईट आणि कोणते चांगले असे नाही. पण एकाचे बिट दुसऱ्याला चालेलच असे समजू नका.

पहिली कसोटी: दांड्याची जाडी

आपले सुतार इंच आणि सुतात मोजतात. आठ सूत म्हणजे एक इंच. राउटरची बिटे मात्र कुठे इंचात तर कुठे मिलिमीटरमध्ये विकली जातात, आणि घोटाळा इथेच होतो. बाजारात पाच जाडीचे दांडे प्रामुख्याने मिळतात. ते असे:

६ मि.मी.
पाव इंच, म्हणजे दोन सूत, म्हणजे ६.३५ मि.मी.
८ मि.मी.
१२ मि.मी.
अर्धा इंच, म्हणजे चार सूत, म्हणजे १२.७ मि.मी.

पहिले दोन डोळ्यांना सारखेच दिसतात. फरक फक्त ०.३५ मि.मी.चा, म्हणजे वहीची तीन-चार पाने एकावर एक ठेवली तर होते तेवढ्या जाडीचा. पण ६ मि.मी.चे बिट पाव इंचाच्या कोलेटमध्ये घालून नट आवळला, तर कोलेट त्याला सगळ्या बाजूंनी टेकत नाही. दोन-तीन ठिकाणी टेकते, आणि मधे पोकळी राहते. हाताने हलवून पाहिले तर घट्ट वाटेल. मोटर तीस हजार फेऱ्यांनी फिरू लागली आणि पाते बाभळीच्या गाठीवर आदळले की बिट सरकते. एक तर ते हळूहळू बाहेर येऊन नक्षी खोल-खोल करीत जाते, नाही तर तुटून गोफणीच्या गोट्यासारखे उडते. १२ मि.मी. आणि अर्धा इंच यांचेही तसेच आहे.

उलट बाजूने, पाव इंचाचे बिट ६ मि.मी.च्या कोलेटमध्ये ठोकून बसवण्याचा प्रयत्न काही जण करतात. त्याने कोलेट फाकते आणि पुढे त्यात कोणतेच बिट नीट बसत नाही.

गावाकडे युक्त्या सुचायला वेळ लागत नाही. दांडा सैल बसतो ना, मग त्यावर पत्र्याची पट्टी गुंडाळा, कागद गुंडाळा, चिकटपट्टी लावा! पाभरीचा फण सैल झाला तर पाचर ठोकून भागते, कारण पाभर बैलाच्या चालीने चालते. इथे ते चालणार नाही. दांडा आणि कोलेट यांच्यामध्ये काहीही गुंडाळू नका. मोठ्या कोलेटमध्ये बारीक दांडा बसवण्यासाठी चिरा पाडलेली, नेमक्या मापाची पोलादी बाही मिळते. ती मशीन बनवणाऱ्याची असेल आणि दोन्ही मापे नेमकी जुळत असतील तर वापरायला हरकत नाही. त्याहून चांगले म्हणजे त्या जाडीचा वेगळा कोलेट घेणे.

म्हणून पहिला नियम असा: तालुक्याच्या गावी बिट आणायला निघालात, तर मशीनचा कोलेट काढून खिशात घालून न्या. लग्नाची चप्पल घेताना पाय बरोबर असतो, तसे हे आहे. दुकानातच दांडा त्यात सरकवून पाहा. नट न आवळता तो अलगद, पण न डुगडुगता आत गेला पाहिजे. शक्य असेल तर व्हर्नियरने दांडा मोजून घ्या. ‘सहा म्हणा, पाव इंच म्हणा, एकच की’ असे कोणी सांगितले तर त्याच्याशी वाद घालू नका, पण ते बिट घेऊ नका. घरबसल्या मोबाइलवरून मागवत असाल तर चित्र पाहून नव्हे, दांड्याचे माप वाचून मागवा.

दुसरी कसोटी: बिटाचा घेर आणि मशीनचा वेग

दांडा बसला म्हणजे बिट चालले, असे नाही. आता पात्यांचा व्यास पाहा.

एक हिशेब करू. दोन इंच, म्हणजे सुमारे ५० मि.मी. व्यासाचे बिट एका फेऱ्यात सुमारे १५७ मि.मी. अंतर कापते. मिनिटाला तीस हजार फेरे झाले, तर पात्याच्या धारेचा वेग ताशी दोनशे ऐंशी किलोमीटरच्या वर जातो. एवढ्या वेगाने लाकूड कापले जात नाही, जळते. बिट थरथरते, मशीन हातातून निसटू पाहते, आणि पात्याचा जोडलेला तुकडा निखळून उडण्याचा धोका राहतो. तेच बिट अठरा हजार फेऱ्यांवर चालवले तर धारेचा वेग ताशी एकशे सत्तरच्या आसपास येतो.

म्हणून जाणकार जे प्रमाण पाळतात ते लक्षात ठेवा. एक इंचापर्यंतचे बिट बावीस ते चोवीस हजार फेऱ्यांवर चालते. एक ते दोन इंचांचे अठरा हजारांपर्यंत. अडीच इंचांपर्यंतचे सोळा हजार. त्यापुढे साडेतीन इंचांपर्यंत फक्त दहा ते बारा हजार. चांगल्या बिटाच्या दांड्यावर किंवा डबीवर त्याचे कमाल फेरे छापलेले असतात. तुमच्या मशीनच्या पाटीवरचे फेरे त्यापेक्षा जास्त असतील आणि वेग कमी करण्याची सोय नसेल, तर ते बिट तुमचे नाही.

नक्षीच्या बिटाचा व्यास कसा ओळखावा? गोल्याच्या बिटावर बहुधा व्यास नव्हे, तर गोलाईची त्रिज्या लिहिलेली असते. समजा ‘अर्धा इंच गोला’ लिहिले आहे. दोन्ही बाजूंची गोलाई मिळून एक इंच, आणि मधले बेअरिंग अर्ध्या इंचाचे. म्हणजे बिटाचा पूर्ण व्यास झाला दीड इंच. अर्ध्या इंचाचे बिट म्हणून घ्याल, आणि घरी येऊन पाहाल तर ट्रिमरच्या तळपट्टीच्या भोकातून ते खालीच उतरत नाही! तेव्हा कोलेटबरोबर तळपट्टीच्या भोकाचे मापही लिहून न्या.

ट्रिमरला साधारण दोन-तीन सुताच्या गोलाईपर्यंतची बिटे पुरेत. दाराच्या फळीला चारी बाजूंनी उतार देणारी मोठी, तीन-साडेतीन इंचांची पॅनेलची बिटे हातातल्या मशीनला कधीच लावू नका. त्यांना अर्ध्या इंचाचा दांडा, मोठे मशीन, कमी वेग आणि मशीन उलटे बसवलेले पक्के टेबल, या चारही गोष्टी लागतात. चारपैकी एक नसेल तर ते काम तालुक्याच्या कारखान्यातून करून आणणे स्वस्त पडते.

तिसरी कसोटी: लाकूड कोणते

आपल्याकडे बांधावरची बाभूळ, कडुनिंब, निलगिरी, आंबा ही लाकडे घरच्या कामाला येतात. ऐपत असेल तर साग. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

बाभूळ कठीण. तिच्यात बिट हळू आणि थोडे थोडे घालावे लागते. कडुनिंबाच्या रेषा एकमेकींत अडकलेल्या असतात, म्हणून कड उचकटण्याची भीती. आंबा मऊ, धार बोथट असेल तर त्याचे तंतू कापले न जाता उपटले जातात आणि कड केसाळ होते. साग कापायला गोड, पण त्याच्या अंगात वाळूच्या जातीचा अंश असतो आणि तो साध्या पोलादाची धार लवकर खातो. प्लायवूड आणि दाबलेल्या भुशाच्या फळ्यांतला गोंदही तेच करतो.

बिटे दोन धातूंची मिळतात. सबंध पोलादाची, आणि पोलादावर कार्बाइडचे तुकडे बसवलेली. पोलादाची स्वस्त आणि धार सुरेख, पण ती टिकत नाही. साग, बाभूळ आणि प्लायवूड यांत काम करायचे तर कार्बाइडचेच घ्या. एकदाच लागणारा एखादा आकार मऊ लाकडात काढायचा असेल, तर पोलादाचे चालेल.

घेताना बिट उजेडात धरून पाहा. कार्बाइडचा तुकडा आणि पोलाद यांच्या सांध्यात पोकळी नको. दोन्ही तुकडे सारख्या जाडीचे हवेत. धारेवर नख अलगद टेकवा. खवल्या लागल्या तर परत करा. बेअरिंग बोटाने फिरवा. ते अडखळता कामा नये. वीस-पंचवीस बिटांची रंगीत पेटी स्वस्तात मिळते आणि मोह होतो. पण त्यातली बहुतेक बिटे कधी बाहेर निघत नाहीत. त्याच पैशात चार चांगली बिटे येतात.

आणि एक. लाकूड ओले असेल तर बिटाला दोष देऊ नका. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला, हवा कोरडी. ओल्या लाकडावर काढलेली नक्षी चैत्र-वैशाखात आक्रसते, आणि कोपऱ्यावरचे सांधे उघडे पडतात. सावलीत, पट्ट्या घालून, हवा खेळती ठेवून वाळवलेले लाकूडच चौकटीला घ्या. बांधावरचे झाड तोडण्यापूर्वी परवानगीचेही पाहा. साग, आंबा अशा झाडांना महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे ती लागते, झाड स्वतःच्या रानातले असले तरीही.

सुरुवातीला चारच बिटे

नवा धंदा मांडणाऱ्याने सुरुवातीला एवढीच घ्यावी.

पहिले, सरळ बिट. खाच पाडायला, बिजागरीची जागा कोरायला. दुसरे, दोन सुताच्या गोलाईचे गोल्याचे बिट, बेअरिंगसह. तिसरे, तेवढ्याच मापाचे गलत्याचे बिट. चौथे, कड तिरपी छाटणारे पंचेचाळीस अंशांचे बिट.

आता गंमत पाहा. गोला आणि गलता ही दोन बिटे एकाच पट्टीवर वेगवेगळ्या उंचीला चालवली, की नागमोडी वळण तयार होते. त्यासाठी निराळे महागडे बिट लागत नाही. दोन पट्ट्या वेगवेगळ्या काढून एकीवर एक चिकटवल्या, तर वाड्याच्या गणेशपट्टीसारखी भरदार नक्षीही होते. जुने सुतार दोन-तीन रंध्यांवर सगळे घर सजवीत, ते याच हिशेबाने.

जुन्या घराच्या चौकटीचा एखादाच तुकडा वाळवीने खाल्ला असेल आणि त्याच नक्षीचा नवा बसवायचा असेल, तर नक्षीवर पातळ प्लास्टिकचा कागद ठेवून मळलेल्या शाडूचा गोळा दाबा. ठसा सुकला की मधोमध कापा. कापलेल्या बाजूवर नक्षीची नेमकी रेषा दिसते. ती कागदावर उतरवून दुकानात न्या आणि बिटाची पाती त्या रेषेवर धरून पाहा. शब्दांनी वर्णन करून आकार सांगण्यापेक्षा हे फार बरे.

बिट बसवण्याची आणि चालवण्याची रीत

आधी प्लग काढा. बटण बंद केले एवढ्यावर भागवू नका, प्लगच काढा. कोलेट आतून कापडाने पुसा, दांडाही पुसा. दांडा पूर्ण आत टेकेपर्यंत घाला आणि मग दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे सुमारे एक सूत, बाहेर ओढा. बिट तळाला टेकलेले असेल तर नट आवळूनही पकड नीट बसत नाही. दांड्याचा निदान तीन-चतुर्थांश भाग कोलेटच्या आत असलाच पाहिजे. नक्षी खोल हवी म्हणून बिट बाहेर ओढून चालवणे हा या मशीनवरचा सर्वांत घातक प्रकार होय. बिट नसताना रिकामा कोलेट कधी आवळू नका. त्याने तो चेमटतो.

नक्षी एका दमात काढू नका. नांगरटीत जसे पहिल्याच तासाला खोल जात नाही, तसेच हे. एका वेळी सुमारे एक सूत लाकूड काढा, मग मशीन थोडे खाली उतरवून पुन्हा चालवा. शेवटचा हात अगदी हलका असू द्या. त्याने कड आरशासारखी येते.

मशीन कोणत्या दिशेने न्यायचे, हे नवख्याला कळत नाही आणि तिथेच हिसका बसतो. सोपी खूण सांगतो. आपण देवळाला प्रदक्षिणा घालतो, त्याच्या उलट दिशेने फळीच्या बाहेरच्या कडेने मशीन फिरवा. चौकटीच्या आतल्या कडेची नक्षी काढायची असेल, तेव्हा मात्र प्रदक्षिणेच्याच दिशेने. असे नेले की बिट लाकडाला रेटा देत कापते आणि मशीन ताब्यात राहते. उलट नेले तर ते स्वतःच पुढे धाव घेते, दावे तोडलेल्या गोऱ्ह्यासारखे.

चारी बाजूंनी नक्षी काढायची असेल तर आडव्या रेषांच्या, म्हणजे फळीच्या टोकांच्या बाजू आधी काढा. टोकाला थोडे लाकूड उचकटते ते नंतर लांब बाजूची नक्षी काढताना निघून जाते. खऱ्या कामाला लावण्यापूर्वी त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर एकदा चालवून पाहा. बारीक पट्टी करायची असेल तर रुंद फळीच्या कडेवर नक्षी काढून मग पट्टी कापून घ्या. आधीच कापलेल्या बारीक पट्टीवर मशीन चालवू नका. ती थरथरते आणि फुटते.

काम चालू असताना लाकूड काळे पडू लागले, जळका वास आला किंवा मशीन ओरडू लागले, तर जोर वाढवू नका. एक तर बिट बोथट आहे, नाही तर तुम्ही फार सावकाश सरकत आहात, नाही तर एका दमात जास्त कापत आहात. बिटावर राळ चढली असेल तर रॉकेल किंवा टर्पेंटाइन लावून जुन्या दात-ब्रशने साफ करा, आणि पुरते वाळल्यावरच वापरा.

वीज, डोळे आणि फुप्फुसे

गावातली वीज कधी मंद असते. दाब कमी असताना मशीन रेटून चालवले तर मोटर तापते. दिवे पिवळे दिसत असतील तेव्हा काम थांबवलेले बरे. मोठे मशीन आठ-नऊ अँपिअर वीज ओढते, म्हणून ते सोळा अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा. दिव्याच्या बारीक वायरीवरून अंगणात वीज नेऊ नका. अडीच चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल घ्या, आणि अर्थिंग नीट आहे ना ते पाहा.

डोळ्यांवर चष्मा हवाच. गळ्यात उपरणे, गमछा, सैल बाह्या, हातातली कडी नकोत. हातमोजेही नकोत, फिरत्या बिटात ते अडकतात आणि हात ओढून नेतात. घरच्या बायामाणसांनी मदत करताना पदर आणि ओढणी खोचून घ्यावी, वेणी बांधून घ्यावी. मुलांना अंगणात खेळू देऊ नये. शेतकऱ्याचे आणि सुताराचे भांडवल म्हणजे हात. दुधाची धार काढायची ती बोटांनी आणि पटाशी धरायची तीही बोटांनी.

भुशाचे काय, असे कोणी विचारील. राउटरचा भुसा करवतीच्या भुशासारखा जाड नसतो. तो पिठासारखा बारीक उडतो आणि छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत केली आहे. तेव्हा नाकातोंडावर चांगला मास्क लावा, काम उघड्यावर किंवा वाऱ्याच्या झोताकडे पाठ करून करा, आणि भुसा झाडण्यापूर्वी त्यावर थोडे पाणी शिंपडा.

घ्यावे की करून घ्यावे

आता खर्चाचे. एक हिशेब मांडून दाखवतो. तीन बाय सात फुटांच्या दाराला तीन बाजूंनी पट्टी लावायची, तर सात, सात आणि तीन मिळून सतरा फूट लागते. चार बाय चारच्या खिडकीला चारी बाजूंनी सोळा फूट. घराला चार दारे आणि सहा खिडक्या असतील, तर अडुसष्ट आणि शहाण्णव मिळून एकशे चौसष्ट फूट पट्टी झाली, तीही एकाच बाजूची. तुमच्या तालुक्यात तयार पट्टीचा फुटाचा भाव काय आहे तो विचारा, त्याला एकशे चौसष्टने गुणा, आणि ती रक्कम मशीन, चार बिटे, लाकूड आणि तुमची मजुरी यांच्या शेजारी मांडा.

एका घरासाठी मशीन घेणे बहुधा परवडणार नाही. तेव्हा हौसेने घेऊन माळ्यावर टाकू नका. ते काम गावच्या सुतारदादाला द्या. त्याच्याकडे मशीन आहे आणि बिट नाही, असे असेल तर हव्या त्या नक्षीचे एक चांगले बिट तुम्ही घेऊन द्या. तुमच्या घराला मनासारखी नक्षी मिळेल आणि त्याच्या पेटीत एका बिटाची भर पडेल. गावचा पैसा गावात राहील. मात्र घेण्यापूर्वी त्याच्या कोलेटचे माप विचारा!

ज्याला धंदाच करायचा आहे, त्याने सरकारी मदतीची चौकशी करावी. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यांत सुतारकाम आहे. या योजनेत प्रशिक्षणाच्या काळात रोज पाचशे रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत, आणि पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज, अशी तरतूद ठेवली आहे. अर्ज सामायिक सेवा केंद्रातून भरला जातो आणि गावपातळीवर ग्रामपंचायतीकडून त्याची तपासणी होते. लाभ कुटुंबातल्या एकालाच मिळतो. जाण्यापूर्वी ताजे नियम ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

दुकानात निघण्यापूर्वी

ही पाच ओळींची यादी कापून मशीनच्या पेटीत चिकटवून ठेवा.

कोलेट खिशात घेतला का? मशीनवरचे फेरे लिहून घेतले का?
दांडा कोलेटमध्ये अलगद आणि न डुगडुगता गेला का?
बिटाचा पूर्ण व्यास मोजला का? तो तळपट्टीच्या भोकातून उतरेल का?
बिटावरचे कमाल फेरे माझ्या मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहेत का?
ज्या लाकडात काम करायचे आहे, त्याला पोलाद चालेल की कार्बाइड हवे?

पाचही उत्तरे मनासारखी आली तरच पैसे मोजा. एकाचेही उत्तर ‘चालून जाईल’ असे येत असेल, तर बिट खाली ठेवा आणि दुसरे दुकान पाहा. दाराची नक्षी पुढच्या आठवड्यात झाली तरी काही बिघडत नाही.